नांग्या

अमळनेरात दगडी दरवाज्याच्या अलीकडे
बापाचं दुकान. दोन खुर्च्या, त्यातली एक मान टाकलेली.
छत्तीस वर्षं बापाचा अंगठा
पेठेतले गाल ताणून बघतोय:
कुणाची दाढी उलटी फिरते,
कुणाचा तीळ कानाखाली दडलाय,
कुणाच्या घरी मयत झालं
आणि दहा दिवस पातं लागलेलं नाही.
अंगठ्याला सगळं ठाऊक.

आणि त्याच्याच पोराच्या गालावर
डावीकडे रुपयाएवढी,
उजवीकडे तळहात मावेल एवढी जागा मोकळी.

"आत्माराम, घरना वावरमा पेरं नही का रे?"
गिऱ्हाइकं साबणाच्या फेसाआडून हसायची.
बाप म्हणायचा, दम धरा.
पुढे पुढे तेही म्हणेना,
नुसता ब्रश पाण्यात बुडवायचा.

कांद्याचा रस झाला. एरंडेल झालं.
सतराव्या वर्षी बापानं कोरडाच वस्तरा ओढला,
खरडलं की दाट येते म्हणून.
आली. हनुवटीवर.
तिथे ती होतीच.

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो.
भांडीवाला विसाची नोट हातात ठेवण्याआधी
माझ्यामागे बघतो:
"मोठं कोनी नही का तुमनाकडे?"
सत्तावीस वर्षांचा मी
पावती फाडून देतो.

मग जळगाव. घरी सांगितलं, ऑडिट आहे.
भिरूड मॅडमनी दंडातून रक्त ओढलं,
नळी यंत्रात बसवली, झाकण लावलं.
यंत्र असं घरघरलं
की मला वाटलं, आतून काहीतरी निघून येणार.
थांबलं तेव्हा नळीत दोन मजले झालेले,
खाली लाल,
वर पिवळं, उन्हात धरलेल्या तेलासारखं.
या गावात लोक सोनं घ्यायला येतात लांबून लांबून.
मी माझंच पिवळं
चार हजार देऊन परत विकत घेतलं.

"मुळं झोपलेली असली तर उठतील," मॅडम म्हणाल्या.
"नसतीलच, तर मलाही काही करता यायचं नाही."
बरं वाटलं ऐकून.
इतकं सरळ माझ्या गालाशी आजवर
कुणी बोललं नव्हतं.

बधिर करायचं मलम. मग सुया.
मामा कपाशीच्या नांग्या भरायचा ते आठवलं,
बी रुजलं नाही तिथे ओणवं होऊन
एक बोट खळगा, एक सरकी, वर चिमूट माती,
पुन्हा एक पाऊल पुढे.
मॅडमही तशाच ओणव्या.
चष्म्यावर त्यांच्या दिवा, आणि दिव्यात
माझा गाल, एवढासा.

रात्री दुकान झाडून झाल्यावर बाप म्हणाला, बस.
मी चांगल्या खुर्चीत बसलो.
अंगठा गालावर आला, फिरला,
थांबला.
"कोना हात लागना रे गालले?"

सांगितलं. रक्त, यंत्र, पिवळं पाणी,
पैसे सोडून सगळं.
परगावच्या कारागिराची गोष्ट ऐकावी
तसा तो ऐकत राहिला, टॉवेलची घडी घालत.
"सुई कितली बारीक व्हती?"
केसाएवढी.
"तिना हात हालना का?"
नाही.
"मंग बरं."
आणि तुरटीचा खडा ओला करून
त्यानं उगीचच माझ्या गालावरून फिरवला.

तीन वेळा झालं. महिन्या-महिन्यानं.
उजवीकडे अजून काही नाही,
लव म्हणावी तर लव.
डावीकडे मात्र.

सोमवारी दुकान बंद असतं.
बाप अर्धं शटर उचलतो, ट्यूब लावतो,
चष्मा कपाळावरून खाली घेतो.
वस्तरा खोक्यातच.
अंगठ्यानं गाल ताणून
तोंडातल्या तोंडात मोजतो.
अकरा, म्हणाला पहिल्यांदा.
मागच्या सोमवारी तेरा.

मी आरशाकडे पाठ करून बसतो.